ट्रॉली-पिकअपच्या बुडाचा गंज : आधी खरवड, मग लेप

(खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण, वाचकांसाठी थोडे वाढवून)



कृषिविद्येच्या माणसाने खत, पेरणी, तण यांवर बोलावे. गाडीच्या बुडावर बोलणे हे कृषि अभियांत्रिकीच्या मित्रांचे काम, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. मलाही तसेच वाटत असे. पण गेल्या काही वर्षांत छत्रपती संभाजीनगर, गंगापूर, पैठण या भागांत बांधावर फिरताना मी उभ्या ट्रॉल्यांखाली वाकून पाहू लागलो आणि लक्षात आले, की या गंजाचे मूळ बऱ्याच वेळा आपल्या खताच्या गोणीत आहे. तेव्हा हा विषय माझाही झाला.

असे पहा. आपला जिल्हा समुद्रापासून लांब आहे. वर्षाचा पाऊस सरासरीने ७०० मिलिमीटरच्या आसपास. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी हवा इतकी कोरडी असते, की ओठ फुटतात. अशा हवेत लोखंड वर्षानुवर्षे टिकायला हवे. टिकतेही. जुन्या वाड्याच्या दाराच्या कड्या-कोयंडे पहा, किती पिढ्यांचे आहेत. मग पाच-सहा वर्षांच्या ट्रॉलीच्या तळपत्र्याला भोके का पडतात? पिकअपच्या मडगार्डातून बोट का आरपार जाते? हवा तीच, लोखंडही फारसे वेगळे नाही. वेगळे आहे ते आपण त्या गाडीतून काय वाहतो आणि वाहून झाल्यावर तिच्या बुडाला काय चिकटवून ठेवतो.

गंजालाही वाफसा लागतो

बियाणे उगवायला वाफसा लागतो, म्हणजे जमिनीत ओलही हवी आणि हवाही हवी. कोरड्या ढेकळात बी उगवत नाही आणि पाणी तुंबलेल्या वाफ्यात ते कुजते. गंजाचे गणित जवळजवळ असेच आहे. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू हे तिघे एकत्र आले की गंज चढतो. अगदी कोरडे लोखंड गंजत नाही. ज्यात प्राणवायू उरलेला नाही अशा साचलेल्या पाण्यात पूर्ण बुडालेले लोखंडही सावकाश गंजते. सर्वांत वाईट अवस्था मधली. ओल आहे आणि हवाही खेळते आहे.

आता आपली काळी माती आठवा. तिच्यातील चिकण कण पाणी धरून ठेवतात, म्हणून तर परतीच्या पावसाच्या ओलीवर आपली रब्बी ज्वारी निघते. हीच माती ट्रॉलीच्या चॅनेलच्या कोपऱ्यात, पिकअपच्या मडगार्डाच्या आत आणि पाट्यांच्या हँगरभोवती थापली जाते. रस्ता सुकतो, शेत सुकते, पण बुडाखाली सावलीत थापलेला हा चिखल आठ-आठ दिवस वाफशावर राहतो. त्याखालच्या लोखंडाला हवा कमी मिळते, कडेच्या लोखंडाला जास्त मिळते, आणि या फरकामुळे एका छोट्या विजेरीसारखी क्रिया सुरू होऊन झिजते ते चिखलाखालचे लोखंड. म्हणून ढेकूळ पाडल्यावर खाली खड्डे खड्डे दिसतात.

मीठ आपणच घालतो

नुसत्या पाण्यापेक्षा क्षाराच्या पाण्यात ही क्रिया कितीतरी जलद चालते. थंड देशांत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि त्या मिठाने गाड्या खालून खाल्ल्या जातात. टोयोटासारख्या कंपनीला अमेरिकेत २००८ साली आपल्या १९९५ ते २००० मधील टॅकोमा पिकअपच्या सांगाड्यांची गंजाबाबतची हमी १५ वर्षांपर्यंत वाढवून द्यावी लागली, आणि ज्यांचे सांगाडे पार गेले होते त्या गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. आपल्याकडे रस्त्यावर मीठ कोणी टाकत नाही. ते आपण गाडीत भरतो.

म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. त्यात पालाश ६० टक्के म्हणून आपण ते घेतो, पण वजनाने सुमारे ४७ टक्के क्लोराईडही त्यासोबत येते, आणि क्लोराईड हा लोखंडाचा सर्वांत मोठा शत्रू. शिवाय खते हवेतून पाणी ओढतात. प्रत्येक खताची एक आर्द्रता असते. हवेची आर्द्रता तिच्या वर गेली की खत पाझरू लागते. ३० अंश तापमानाला ही मर्यादा युरियाची सुमारे ७३ टक्के, अमोनियम सल्फेटची ७९ टक्के आणि पोटॅशची ८४ टक्के आहे. पण युरिया आणि पोटॅश एकत्र मिसळले की ती एकदम ६० टक्क्यांच्या आसपास उतरते. मिश्रण करून ठेवलेली खते दुसऱ्या दिवशी गच्च आणि ओली का होतात, ते यावरून समजेल. पावसाळ्यात आपल्याकडील हवा सकाळच्या वेळी ८० टक्क्यांच्या पुढे सहज असते. म्हणजे जूनमध्ये ट्रॉलीच्या सांध्यात सांडलेले मूठभर मिश्रखत पाऊस नसतानाही ओलेच राहते. ती ओल म्हणजे संपृक्त खारे पाणी.

सर्वच खते सारखी वाईट नाहीत. डीएपी त्या मानाने सौम्य आहे. पोटॅश, अमोनियम सल्फेट, नायट्रेटची विद्राव्य खते ही जास्त खातात. शेणखताच्या ओलीत मूत्रातले क्षार आणि अमोनिया असतो. ठिबक धुण्यासाठी आपण हायड्रोक्लोरिक आम्लाचे कॅन आणतो. त्यांचे बूच सैल असेल तर नुसत्या वाफेनेही आजूबाजूचे लोखंड एका रात्रीत तांबडे होते. आणि मोरचूद! मोसंबी-डाळिंबवाल्यांना हे सांगायला नको. बोर्डो मिश्रण बरोबर झाले की नाही हे पाहायला आपण त्यात चकचकीत विळा बुडवतो. विळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असे समजतो. तो तांबूस थर म्हणजे तांबे असते आणि तेवढ्या प्रमाणात विळ्याचे लोखंड विरघळून मिश्रणात गेलेले असते. फाटक्या पिशवीतील मोरचूद ओल्या हौद्यात सांडले की तीच परीक्षा गाडीच्या पत्र्यावर चालू राहते.

पिकअपवाल्यांसाठी आणखी एक. भाजीपाला घेऊन गाडी वाशीच्या बाजारात जाते. परतीच्या भाड्यात मीठ किंवा मासळी मिळाली तर कोणी सोडत नाही, सोडावी असेही मी म्हणत नाही. पण घरी आल्यावर त्याच दिवशी गाडी खालून धुवावी. दुसऱ्या दिवशी नव्हे.

आमच्या घरची ट्रॉली

आता घरचे उदाहरण सांगतो, कारण ही चूक शिकलेल्या घरात झाली. आमच्याकडे उसासाठी युरिया आणि पोटॅश ट्रॉलीतच ओतून, फावड्याने मिसळून शेतात नेण्याची पद्धत होती. काम झाले की ट्रॉली झाडून ठेवायची, धुवायची नाही. चार वर्षांत खालून तांबडे पोपडे सुटू लागले. वडिलांनी मला विचारले. मी तेव्हा नुकताच पदव्युत्तर पदवी घेऊन नोकरीला लागलो होतो. मी म्हणालो, "अण्णा, शहरात बुडाला काळा रबरी लेप मारून देतात, मारून घ्या." त्यांनी घेतला. अर्ध्या दिवसात काम झाले. ट्रॉली खालून नव्यासारखी काळीभोर दिसू लागली. चिखल थोडासा पाण्याने उडवला होता, पोपडे तसेच होते आणि त्यावर जाड लेप.

तीन पावसाळे गेले. चौथ्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत, वेचणीच्या बाया वस्तीवर उतरल्यानंतर, रिकामी ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरपासून सुटली. जोडणीच्या त्रिकोणी सांगाड्याचे चॅनेल कडीच्या मागे वितभर अंतरावर फाटले होते. ट्रॉली रस्ता सोडून तुरीत शिरली आणि थांबली. पाच मिनिटे आधी तिच्यात अकरा माणसे होती. ट्रॉलीत माणसे बसवू नयेत हे मी आज इथे सांगतो, तेव्हाही मला माहीत होते.

फाटलेला भाग पाहिला तेव्हा बाहेरचा काळा लेप शाबूत होता. आतून चॅनेल वहीच्या पुठ्ठ्याएवढे उरले होते आणि लेपाच्या मागे बोटभर ओली तांबडी माती निघाली. अण्णा एवढेच म्हणाले, "वरून काजळ घातलं अन् आत डोळा गेला." मला त्या वाक्याचा राग आला नाही, लाज वाटली. क्षारावर लेप दिला की काय होते हे परासरणाच्या धड्यात मीच विद्यार्थ्यांना शिकवीत होतो. रंगाचा कोणताही थर पूर्ण अभेद्य नसतो. थराच्या आत मीठ राहिले तर ते मुळाच्या पेशीसारखे बाहेरचे पाणी थरातून आत ओढून घेते. फोड येतो, फोडाखाली गंज चालतो, आणि लेप जितका जाड तितका तो उशिरा दिसतो.

आधी खरवड

मोसंबीच्या खोडाला डिंक्या झाला तर आपण काय करतो? सडलेली साल धारदार चाकूने खरवडून काढतो, निरोगी भागापर्यंत जातो, जखम पुसतो आणि मगच बोर्डो पेस्ट लावतो. डिंकावरच पेस्ट थापणाऱ्या माळ्याला आपण कामावर ठेवणार नाही. गाडीच्या बुडाचे काम अगदी याच क्रमाने करावे. माझ्या मते या कामातील तीन हिस्से मेहनत खरवडण्या-धुण्याची आहे आणि एक हिस्सा रंगाची. बाजारात पैसे मात्र उलट्या प्रमाणात खर्च होतात.

प्रथम सुरक्षिततेचे. डंपिंग ट्रॉली उचलून खाली काम करताना हायड्रोलिक जॅकच्या भरवशावर एक क्षणही राहू नये. होज फुटला की हौदा खाली येतो. दोन्ही बाजूंना मजबूत टेकू द्यावा, चाकांना दगड लावावेत, ट्रॅक्टरची चावी खिशात ठेवावी. पिकअपसाठी गॅरेजचा रॅम्प वापरावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नये.

मग भरपूर पाण्याने धुवावे, फवारणीचा एचटीपी पंप असेल तर उत्तम. कोपऱ्यातील ढेकळे लाकडी पाचरीने काढावीत. वाळल्यावर पत्रे छोट्या हातोडीने ठोकून पाहावेत. चांगले लोखंड खणखण वाजते, खाल्लेले भद्द वाजते. संशय आला तिथे पेचकस टोचावा. शिरला तर तो भाग कापून बदलण्याचा आहे, रंगवण्याचा नाही. त्रिकोणी सांगाडा, कडी, पाट्यांचे हँगर आणि पिकअपची चेसी यांना हा नियम फार कडकपणे लावावा. पिकअपच्या चेसीला कुठेही ठिगळ मारून घेऊ नये. ते काम कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेचेच आहे.

त्यानंतर पोपडे खरवडणीने, मग तारेच्या ब्रशने, मग पॉलिश पेपरने काढावेत. आणि आता जी पायरी जवळजवळ सगळे गाळतात ती : पुन्हा धुवावे. पहिल्या धुण्यात वरचा चिखल जातो, पण गंजाच्या खड्ड्यांत अडकलेले क्षार पोपडे निघाल्यावरच उघडे पडतात. दुसरे धुणे त्यांच्यासाठी आहे. जायकवाडीच्या लाभक्षेत्रात काही विहिरींचे पाणी खारे आहे. ज्या पाण्याने पिकाच्या पानांच्या कडा करपतात, त्या पाण्याने शेवटचा हात फिरवू नये. दोन बादल्या गोडे पाणी घ्यावे. तेल-ग्रीस लागलेल्या जागा साबणाच्या पाण्याने आणि नंतर थिनरच्या फडक्याने पुसाव्यात. मग कडक उन्हात वाळू द्यावे.

खड्ड्यांतला थोडा गंज राहतोच. तिथे फॉस्फोरिक आम्लावर आधारलेले गंज-रूपांतरक मिळते, ते लावावे. ते गंजाचे लोह-फॉस्फेटमध्ये रूपांतर करते आणि जागा काळसर होते. हातमोजे, चष्मा वापरावा, डब्यावरील सूचना वाचाव्यात. ठिबकसाठी आणलेले हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र या कामाला चुकूनही वापरू नये. गंज उडतो, लोखंड पांढरे होते, माणूस खूश होतो, आणि मागे राहिलेल्या क्लोराईडमुळे दुसऱ्या सकाळी ते पुन्हा तांबडे झालेले असते.

कोणता लेप, कुठे

खरवडलेले लोखंड उघडे ठेवू नये, त्याच दिवशी अस्तराचा हात द्यावा. ट्रॉलीसाठी रेड ऑक्साईडचे अस्तर चांगले, झिंक फॉस्फेटयुक्त मिळाल्यास अधिक चांगले. आधी छोट्या ब्रशने कडा, वेल्डिंगचे टाके आणि बोल्टची डोकी रंगवून घ्यावीत आणि नंतर सगळीकडे हात फिरवावा. ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो, तिथे थर पातळ राहतो, आणि गंजाची सुरुवात नेहमी कडेपासून होते. दोन पातळ हात द्यावेत, एक जाड नको. एक लिटर अस्तर एका हाताला साधारण ८ ते १० चौरस मीटर जाते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद ट्रॉलीचे बूड चॅनेलसकट जवळपास तेवढेच भरते. म्हणजे दोन हातांना दोन लिटर धरावे. गंजाने खडबडीत झालेला पत्रा थोडे जास्त पितो.

पूर्वी शेंदरी रंगाचे शिशाचे अस्तर फार चालत असे. गंजाला ते चांगले होते, पण शिसे विषारी आहे आणि जनावरांना रंगवलेले लोखंड चाटायची सवय असते. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर आपल्याकडे २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आहे, औद्योगिक रंगांना तो नियम नाही. म्हणून दुकानात स्पष्ट विचारून शिसेरहित अस्तर घ्यावे.

अस्तरावर वरचा लेप. ट्रॉलीच्या बुडाला काळा बिट्युमिनस रंग दोन हात दिला तर स्वस्तात चांगले संरक्षण मिळते. पण डांबर डिझेलमध्ये विरघळते, हे लक्षात ठेवावे. टाकी, पंप, इंजिन यांच्या आसपास तो काही कामाचा नाही. दोन डब्यांचा इपॉक्सी रंग महाग, पण टणक आणि खतांच्या क्षाराला चिवट. उन्हात तो भुकटतो असा त्याच्यावर आक्षेप असतो, परंतु बुडाला ऊन लागतेच कुठे? ज्यांच्या ट्रॉलीत सतत खते आणि प्रेसमड असते, त्यांनी इपॉक्सीचा खर्च करावा असे माझे मत आहे. दोन्ही भाग डब्यावरील प्रमाणातच मिसळावेत आणि काही तासांत संपतील इतकेच मिसळावेत.

गॅरेजमध्ये मिळणारा रबरी लेप वाईट नाही, हे आमच्या अनुभवानंतरही सांगतो. चाकातून उडणाऱ्या खडीचा मारा तो सर्वांत चांगला सोसतो. म्हणून पिकअपच्या मडगार्डाच्या आत तो द्यावा, पण स्वच्छ, अस्तर दिलेल्या पत्र्यावर. दरवर्षी त्याच्या कडा नखाने उचलून पाहाव्यात. सुटला असेल तर तेवढा भाग कापून काढून पुन्हा करावे. सुटलेला लेप नसण्यापेक्षा वाईट, कारण तो पाणी धरतो.

बंद पेटीसारख्या चॅनेलच्या आत ब्रश जात नाही. टॅकोमाचे आणि आमच्या ट्रॉलीचे दुखणे बाहेरून न दिसणारे होते. अशा ठिकाणी पोकळीसाठी मिळणारे मेणयुक्त द्रव नळीने आत फवारावे. ते पसरत जाते, फटीत शिरते आणि पूर्ण कडक होत नाही. ते न मिळाल्यास डबल बॉईल्ड जवसाचे तेल फवारले तरी चालते. जवसाचे तेल हवेत सुकून त्याचा पापुद्रा बनतो, जुन्या तैलरंगांचा तोच तर पाया होता. मात्र जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून गोठ्यात टाकू नयेत. ती सुकताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. ती पसरून, उघड्यावर वाळवावीत.

राहता राहिले जळके तेल, म्हणजे इंजिनचे काढलेले काळे ऑईल. गावोगाव तेच फासतात आणि "बापजाद्यांपासून चालत आलंय" म्हणतात. बापजादे आसाला वंगण घालीत होते, ते वेगळे. जळक्या तेलाने थोडे संरक्षण मिळते हे मी नाकारत नाही, पण त्यात आम्ले आणि धातूंचे कण असतात, ते रबरी होज आणि बुश फुगवते, पहिल्या-दुसऱ्या पावसात धुऊन शेतात आणि विहिरीकडे जाते, आणि पुढे कधी रंग द्यायचा म्हटले तर तो त्यावर धरत नाही. हाताच्या कातडीलाही ते घातक आहे. मी ते वापरू नका म्हणूनच सांगेन.

काय रंगवू नये

सायलेन्सर रंगवू नये. लेप जळतो आणि पेटण्याचा धोका असतो. फिरणाऱ्या शाफ्टवर जाड लेप बसला की त्याचा तोल जातो. ब्रेकचे ड्रम, ब्रेकच्या व हायड्रोलिकच्या नळ्या, ग्रीसचे निप्पल, जॅकचा चकचकीत दांडा आणि चेसी नंबर झाकून घ्यावेत. पाणी निघायची भोके कधीही बुजवू नयेत. फवारणी करणारा मुलगा घाईत ती बुजवतो, म्हणून काम झाल्यावर प्रत्येक भोकातून तार फिरवून पाहावी. ट्रॉलीला अशी भोके नसतील तर हौद्याच्या मागच्या दोन कोपऱ्यांत ती पाडून घ्यावीत. मी तर म्हणेन, कोणत्याही लेपाआधी हेच करावे.

नवीन घेताना

ट्रॉली गावच्या फॅब्रिकेटरकडे बनते तेव्हाच दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात. एक, तळपत्रा आणि चॅनेलचा सांधा तुटक टाक्यांनी न करता सलग वेल्डिंगने बंद करावा. दोन टाक्यांमधल्या फटीत जे पाणी शिरते ते वर्षभर निघत नाही. दुसरे, वेल्डिंगची मळी ठोकून काढून, अस्तराचे दोन हात तुमच्यासमोर द्यावेत. बऱ्याच ट्रॉल्यांवर सरळ चकचकीत निळा-तांबडा रंग असतो आणि खाली अस्तर नसते. फुले-नक्षी नंतर काढता येतील.

पिकअप किंवा मोटारीचे वेगळे आहे. आपल्या गावची मुले वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत कामाला आहेत, त्यांना विचारा. आजकाल कारखान्यात संपूर्ण बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून, विजेच्या साहाय्याने कानाकोपऱ्यांत अस्तर बसवतात. त्यामुळे गाडी ताब्यात घेताना टेफ्लॉन, अमुक लेप, तमुक लेप यांच्या पॅकेजला लगेच होकार देऊ नये. आधी गाडी खालून पाहावी, कंपनीने कुठे काय दिले आहे ते विचारावे, गंजाच्या हमीच्या अटी वाचाव्यात. खरी गरज बहुधा मडगार्डांची, हौद्याखालच्या पट्ट्यांची आणि चेसीच्या सांध्यांची असते. तेवढेच करावे.

वेळ कोणती

ऊस आणि रब्बीची वाहतूक संपल्यावर, मृग लागायच्या आधी, म्हणजे साधारण अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे हे काम काढावे. हवा कोरडी असते, गाडीही मोकळी असते. सकाळी पत्र्यावरचे दव उडाल्यावर सुरुवात करावी आणि भर दुपारी थांबावे. फार तापलेल्या लोखंडावर रंग पसरण्याआधीच सुकतो. पावसाळी हवेत रंगकाम टाळावे.

दुसरी तपासणी खंडेनवमीला. त्या दिवशी आपण ट्रॅक्टर, ट्रॉली, अवजारे धुतो, हळद-कुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो. पावसाळा संपलेला असतो, खताचा हंगाम झालेला असतो. पूजेआधी एकदा बॅटरी घेऊन खाली वाकावे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाच्या खांद्यालाच तूप-हळद चोळतो, कारण ओझे तिथे असते. ट्रॉलीचे ओझे कडीवर आणि सांगाड्यावर असते.

मेळाव्यात आलेले काही प्रश्न

"तळपत्र्याला आधीच भोके आहेत, लेपाने थांबेल का?" नाही. पत्रा बदलावा. वेल्डिंगआधी आसपासचा डांबरी किंवा रबरी लेप वीतभर खरवडून काढावा, तो पेट घेतो आणि त्याचा धूर वाईट असतो. जस्त चढवलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करताना वारा पाठीमागून येईल असे बसावे; जस्ताच्या धुराने ताप भरतो.

"वर्षातून किती वेळा लेप द्यावा?" चांगल्या तयारीवर दिलेला लेप दरवर्षी पुन्हा द्यावा लागत नाही. दरवर्षी फक्त उडालेल्या जागा खरवडून, धुऊन, अस्तरासह दुरुस्त कराव्यात. आतल्या पोकळीतील मेण किंवा तेल मात्र दरवर्षी नव्याने फवारावे.

"खत नेताना ट्रॉलीत काय अंथरावे?" शेततळ्याच्या अस्तराचा उरलेला जाड प्लॅस्टिकचा तुकडा चालतो, पण काम झाल्यावर तो उचलून झटकावा. तसाच ठेवला तर त्याखाली पुन्हा वाफसा. आणि खते मिसळायची तर ट्रॉलीत मिसळू नयेत. आमच्याकडे आता त्यासाठी खळ्यावर सिमेंटचा छोटा कट्टा केला आहे, आणि नळीचे टोक ट्रॉली उभी राहते त्या जागेपर्यंत पोचेल एवढी लांब नळी घेतली आहे. नळी लांब घेतल्यापासून ट्रॉली धुतली जाते. आधी ती आखूड होती.